डच भाषेतलं जुन्या वळणाचं गाणं एआयकडून करून घ्यायचंय, मदत हवी आहे

पोल्डरवासी
नमस्कार मंडळी. आम्ही नेदरलँड्समध्ये अल्मेरला राहतो. शेजारच्या आजी पुढच्या महिन्यात ऐंशी वर्षांच्या होतायत. त्यांचा जन्म आणि लहानपण ॲमस्टरडॅमच्या योर्दान भागातलं. लग्नानंतर इकडे आल्या. नव्याने वसवलेल्या अल्मेरचे पहिले रहिवासी १९७६ मध्ये आले, त्यानंतर लवकरच आलेल्या लोकांतल्या त्या एक.

इथे वाढदिवसाला, लग्नाच्या पन्नाशीला घरच्यांनीच गाणं रचून म्हणायची पद्धत आहे. ओळखीची चाल घ्यायची, शब्द घरचे घालायचे, कागदावर छापून सगळ्यांना वाटायचे आणि एकत्र म्हणायचं. यंदा त्यांच्या लेकीच्या मनात आलं की चालही नवी असावी, पण ऐकल्याबरोबर १९५५-६० चं योर्दान आठवावं. मी सुनो (शब्द आणि शैली लिहून दिली की गाणं करून देणारं एआय साधन) वापरते हे तिला माहीत होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मला ते मनापासून करायचंय. आमची धाकटी जन्मली तेव्हा पहिले पंधरा दिवस रोज सूप आणून देणाऱ्या ह्याच आजी.

अडचणी अशा आहेत. पहिली, शब्द यंत्राला लिहायला सांगितले तर व्याकरण शुद्ध असतं, पण वाचताना इंग्रजी गाण्याचा डच तर्जुमा वाटतो. दुसरी, उच्चार. मधूनच एखादा शब्द जर्मन होतो, एखादा इंग्रजी. तिसरी, जुन्या गायकाचं नाव घालून 'तसं कर' म्हटलं तर ते नाव घेतच नाही. चौथी, हॉलमध्ये साठ-सत्तर माणसांसमोर वाजवलं तर काही कायद्याची भानगड आहे का?

कोणी डच गाणी केली असतील तर सांगा.

सुरपेटी
मी केली आहेत, बरीच. सासर उट्रेख्तचं असल्यामुळे.

आधी शैलीच्या रकान्याबद्दल. 'जुनं डच गाणं' असं लिहिलंस तर चार काळांची खिचडी मिळेल. ॲकॉर्डियन १९५० च्या दशकातला आणि ड्रम १९८० च्या. डच जुन्या गाण्यात निदान तीन वेगळी घराणी आहेत. एक, योर्दानचं स्मार्टलाप म्हणजे रडवणारं, जीवनाचं गाणं: जॉनी योर्दान, टांटे लेन, विली आल्बर्टी. दोन, कॅबरे आणि फ्रेंच शान्सों म्हणजे शब्दप्रधान गाण्यांच्या वळणाचं: विम सोनेफेल्ड, रामसेस शाफी, आणि थोडा पुढचा बाउदेवेइन दे ख्रोट. तीन, ऐंशीच्या सुमाराचा नेडरपॉप, म्हणजे दू मारसारखे स्का आणि रेगे ह्या जमैकाच्या ठेक्यांवर डच गाणारे बँड. आंद्रे हाझेस काळाने तिसऱ्यात, पण मनाने पहिल्या घराण्यातला.

तुला पहिलं हवंय. तेव्हा कोणाचं नाव न घालता वर्णन दे: तीन मात्रांचा वॉल्ट्झ, ॲकॉर्डियन, उभा बास, छोटी कॅफेची खोली, उंच पुरुषी आवाज, स्वरात हुंदका, शेवटच्या धृपदाला सगळे सोबत. हा हुंदका महत्त्वाचा आहे. योर्दानच्या गायकांवर इटालियन ऑपेराचा प्रभाव होता, ते सूर लांबवून थरथरवतात आणि ओळीच्या शेवटी आवाज मोडतात. ते लिहिलं नाहीस तर यंत्र गुळगुळीत, आजच्या रेडिओवरचा आवाज देतं.

आणि शेवटचं धृपद एक स्वर वर चढवायला सांग. ह्या गाण्यांत ते लागतंच. तिथे लोक ग्लास वर करतात.

निशिगंध
किती छान कारण आहे गाणं करायला! वाचतेय.

बाब्या_आइंडहोवन
दक्षिणेत या म्हणावं आजींना, इकडे आमचा मऊ 'ख' (डच 'g' चा उच्चार) आहे. :)

गंमत सोडा, पण ही गोष्ट यंत्राला कळत नाही. उत्तरेत, ॲमस्टरडॅममध्ये तो वर्ण घशातून खरवडून येतो. दक्षिणेतल्या ब्राबांट, लिम्बुर्ग आणि बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये मऊ. मी ऑफिसातल्या एका निवृत्तीसमारंभासाठी गाणं केलं, तर पहिलं कडवं ॲमस्टरडॅमचं आणि दुसरं थेट ब्राबांटचं! माणूस ब्राबांटचाच होता, त्यामुळे दुसऱ्या कडव्याला टाळ्या पडल्या. एकाच गाण्यात एकच बोली टिकवायची असेल तर दोन-तीन आवृत्त्या काढून त्यातली एकसंध निवडावी लागते. शैलीत 'ॲमस्टरडॅमची बोली' असं लिहून थोडा फरक पडतो, खात्री नाही.

अँटवर्पची_सई
फ्लँडर्सचं नाव निघालं म्हणून. आमच्याकडच्या आजीआजोबांना योर्दान वगैरे काही वाटत नाही, त्यांचा गायक विल टुरा. १९६२ पासून लोक त्याच्या एकटेपणाच्या गाण्यावर रडतायत. भाषा डच, पण आठवणी निराळ्या. त्यामुळे 'डच भाषेतलं जुनं गाणं' म्हणताना कोणाचं जुनं, हे आधी ठरवायलाच हवं. पोल्डरवासीने ते ठरवलेलं आहे, निम्मं काम झालं.

हेगकर
मी इथे परदेशी प्रौढांना डच शिकवतो, म्हणून उच्चारावर लिहितो.

यंत्र सर्वांत जास्त अडखळतं ते यू आणि आय ही अक्षरं जोडून होणाऱ्या स्वरावर. घर, बाग, बाहेर, कांदा, हे सगळे रोजचे शब्द त्याच स्वराचे. आपल्या लोकांना हा स्वर शिकवायला मला कित्येक तास जातात. गाताना तो लांबवला की यंत्र त्याचा सरळ 'आउ' करून टाकतं आणि बागेचं इंग्रजी शहर होतं. उपाय साधा: हा स्वर ओळीच्या शेवटी, जिथे सूर लांबतो तिथे ठेवूच नका. मध्ये, पटकन निघून जाईल अशा जागी चालतो. शेवटाला लांब आ, लांब ऊ, किंवा 'एइ' असे स्वर घ्या. ते बहुतेक वेळा नीट येतात.

दुसरं, लांब सामासिक शब्द. डचमध्ये तीन-तीन शब्द जोडून एक होतो आणि आघात बहुतेक वेळा पहिल्या भागावर असतो. यंत्र आघात मध्येच कुठेतरी टाकतं. गाण्याच्या रकान्यात असा शब्द संयोगचिन्हाने तोडून लिहा. कधी स्पेलिंगही मुद्दाम उच्चाराप्रमाणे बदलावं लागतं. मात्र वाटायच्या कागदासाठी शुद्ध प्रत वेगळी ठेवा. चुकीचं स्पेलिंग छापलेलं दिसलं तर ऐंशी वर्षांची डच बाई वाढदिवसाच्या दिवशीसुद्धा पेन काढेल.

मुळामुठा
थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

मला ह्या सगळ्या प्रकाराचाच त्रास होतो. यंत्राने योर्दान पाहिलेलं नाही. त्याच्याकडे आहे ते कोणीतरी गायलेलं, वाजवलेलं, आणि ते घेताना त्या माणसांना विचारलेलं नाही. २०२४ च्या जूनमध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर ह्या तिन्ही बड्या संगीत कंपन्यांनी सुनो आणि तसंच दुसरं साधन युडिओ ह्यांच्यावर अमेरिकेत दावे लावले ते उगाच नाही. जर्मनीतल्या गेमा ह्या संगीतकारांच्या संस्थेनेही २०२५ च्या जानेवारीत सुनोवर दावा लावला.

आणि पुढचं बघा. डीझर ह्या गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन सेवेने २०२५ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की रोज त्यांच्याकडे चढवल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी १८ टक्के पूर्णपणे यंत्राने केलेली असतात. नोव्हेंबरपर्यंत तो आकडा ३४ टक्क्यांवर गेला. जुन्या आठवणींचा बाजार सर्वांत सोपा, कारण ऐकणारा आधीच हळवा झालेला असतो. खोटा काळ, खोटा गायक, खोटी खरखर. आजींना जे आठवेल ते खरं असेल, पण त्यांना ऐकवलं जाईल ते खरं नसेल.

पोल्डरवासी
@मुळामुठा, राग अजिबात नाही. हीच शंका मलाही टोचते, म्हणूनच शब्द यंत्राचे नकोत असं वाटतंय. गाणं कुठे चढवणार नाही, विकणार नाही.

@सुरपेटी, हुंदक्याचं लिहिलं आणि आवाज एकदम बदलला. धन्यवाद!

सुरपेटी
मुळामुठांच्या गायकांच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. पैसे द्यायलाच हवेत. पण 'खोटं' ह्या शब्दाशी नाही.

नेदरलँड्समधलं गावाच्या आठवणीचं सर्वांत लाडकं गाणं विम सोनेफेल्डचं. जुनं पोस्टकार्ड, चर्च, घोडागाडी, वडिलांच्या बागेतली वाट. शब्द फ्रिसो वीखर्स्माचे, तो ब्राबांटमधल्या डर्नचा. आणि चाल? फ्रान्सच्या जाँ फेराची, डोंगरातल्या गावांवरच्या गाण्याची, १९६४ ची. हाझेसचं बायकोच्या विश्वासावरचं गाणं, ज्याला अख्खं स्टेडियम रडतं, ते अमेरिकन गाण्यावर बेतलेलं. म्हणजे चाल बाहेरून आली तरी ह्या लोकांनी ती आपली केली, कारण शब्दांत त्यांचं गाव होतं.

मुळामुठा
मान्य, पण एक फरक राहतो. जाँ फेराचं नाव तिथे लागतं, त्याचा हिस्सा त्याला मिळतो. यंत्राच्या चालीत कोणाकोणाचा किती हिस्सा, हे कोणालाच सांगता येत नाही.

सुरपेटी
हो. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कायदेपंडित_नाही
नावाप्रमाणेच. पण ह्या विषयात काम करतो म्हणून थोडं.

फुकट खात्यावर केलेलं सुनोचं गाणं व्यावसायिक वापराला चालत नाही, पैसे भरलेल्या खात्यावरचं चालतं, असं त्यांच्या अटींत आहे. घरगुती समारंभात दोन्हींनी बिघडत नाही. शब्द तुम्ही लिहिलेत तर त्या शब्दांवर तुमचा हक्क तुमचाच. निव्वळ यंत्राने केलेल्या चालीवर युरोपात लेखकाचा हक्क सांगणं कठीण, कारण त्यासाठी माणसाची निर्मिती लागते. नेदरलँड्समध्ये संगीतकारांचे पैसे गोळा करते ती बुमा-स्टेम्रा, पण नातेवाईक आणि मित्रांच्या खाजगी वाढदिवसाला तिचा संबंध येत नाही. हॉलवाल्याला एकदा विचारून घ्या म्हणजे झालं.

दाव्यांचंही सांगतो, कारण मुळामुठांनी अर्धी गोष्ट सांगितली. युनिव्हर्सलने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये युडिओशी तडजोड केली, वॉर्नरने नोव्हेंबरमध्ये सुनोशी. युडिओने त्या तडजोडीनंतर गाणी उतरवून घेण्याची सोय बंद केली. तेव्हा कुठल्याही साधनात केलेलं गाणं लगेच आपल्या संगणकावर उतरवून ठेवा, उद्या सोय राहीलच असं नाही.

निशिगंध
हे उतरवून ठेवायचं फार उपयोगी. माझी सगळी अंगाईगीतं तिकडेच आहेत, आज बसते.

पैठणी_आणि_पास्ता
विषयांतर करते, क्षमस्व. मराठी भावगीत कोणी करून बघितलंय का? माझा 'ळ' दर वेळी 'ल' होतो. 'सावळा' लिहिलं की 'सावला'. बाबांच्या पंचाहत्तरीला करायचंय.

सुरपेटी
कडव्यात 'ळ' कमी ठेव, नाहीतर 'ळ' जिथे आहे तिथलीच ओळ पुन्हा गाऊन घे. तुकडा बदलायची सोय आहे, सगळं गाणं नव्याने करायला नको. आणि तबला मागितलास तर भजनी ठेका येतो. 'आकाशवाणीचं भावगीत, हार्मोनियम, व्हायोलिन, सतार' असं लिही. जमेल.

ड्रेंथची_सून
माझे सासू-सासरे ईशान्येकडच्या ड्रेंथ प्रांतातले. तिकडे शेतकऱ्यांच्या गोठ्यात चोरून रेडिओ केंद्रं चालायची, अजूनही अधूनमधून चालतात. परवाना नाही, उंच मनोरा, आणि दिवसभर डच गाणी. सरकारी माणसं मनोरा शोधत फिरायची आणि गावातले लोक त्यांना भलतीकडे पाठवायचे. सासरे ती गोष्ट दर ख्रिसमसला सांगतात.

त्याआधी समुद्रातलं जहाज होतं, रेडिओ व्हेरोनिका. १९६० पासून ३१ ऑगस्ट १९७४ पर्यंत किनाऱ्याबाहेरून पॉप संगीत वाजवायचं, कारण जमिनीवर ते कोणी पुरेसं वाजवत नव्हतं. बंद झालं त्या संध्याकाळी सासूबाई रेडिओला कान लावून बसल्या होत्या.

हे सांगण्याचं कारण असं. मी त्यांच्यासाठी गाणं केलं तेव्हा रेकॉर्डची खरखर घातली होती. सासूबाईंनी ऐकलं आणि विचारलं, 'स्पीकर बिघडलाय का?' त्यांच्या आठवणीतलं गाणं स्वच्छ आहे! खरखर ऐकते ती आपली पिढी, कारण आपण त्या रेकॉर्डी जुन्या झाल्यावर ऐकल्या. खरखर काढली आणि त्या खूष झाल्या. पोल्डरवासी, आजींसाठी खरखर अजिबात घालू नकोस.

हेगकर
@ड्रेंथची_सून, फार बारीक आणि खरं निरीक्षण.

बाब्या_आइंडहोवन
खरखरीच्या पर्यायावर मीही बोट ठेवत होतो. वेळेत वाचवलंत.

पोल्डरवासी
खरखर काढली. आता शब्दांकडे येते. यंत्राने दिलेल्या कडव्याचा मराठीत भाव देते: कालव्यावर पाऊस, दिव्यांचं पाण्यात प्रतिबिंब, हृदयात तुझं हसू, काळ वाळूसारखा निसटला, पण प्रेम राहिलं. धृपदात हार्त आणि स्मार्त, म्हणजे हृदय आणि वेदना, ह्यांचं यमक. लेकीला दाखवलं, ती म्हणाली छान आहे, पण ह्यात आई कुठे आहे?

हेगकर
ते यमक डच गाण्यात इतकं वापरलंय की यंत्र दुसरं काही देईल अशी आशाच नको. कडवं वाईट नाही, ते कोणाचंही आहे.

माझा सल्ला: आजींना विचारा. गाण्यासाठी म्हणून नाही, नुसतं कॉफीला बसा आणि विचारा, सकाळी गल्लीत कोण यायचं? आंघोळ कुठे करायचात? घरात शिरताना पहिलं काय दिसायचं? भावना विचारू नका, वस्तू विचारा. त्या पिढीचे लोक भावनेवर दोन शब्द बोलतात आणि वस्तूंवर दोन तास.

आणि त्या बोलतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. मराठीत आठवून पुन्हा डच करायला जाऊ नका.

मुळामुठा
हेगकरांना अनुमोदन. हे केलंत तर माझा निम्मा विरोध मावळेल.

मिसळप्रेमी_रॉटरडॅम
धाग्याचा विषय पाहून आलो आणि एक गोष्ट सांगावीशी वाटली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये इथे यंत्राने केलेलं, निर्वासितांच्या विरोधातलं डच गाणं स्पॉटिफायच्या देशातल्या व्हायरल यादीत अगदी वर गेलं होतं. नंतर ते तिथून निघालं. मी ते ट्रॅममध्ये कोणाच्या तरी फोनवर ऐकलं. चाल उचलून धरायची, सगळ्यांनी मिळून म्हणायची, कॅफेतल्या गाण्याच्या वळणाची. म्हणजे जी चाल लोकांना एका टेबलाभोवती बसवते, त्याच चालीवर कोणाला तरी दाराबाहेर काढता येतं. ते ऐकून माझ्या पोटात कालवलं होतं.

म्हणून पोल्डरवासीचं काम मला मोठं वाटतं. बाहेरून आलेली बाई शेजारच्या आजीसाठी तिच्या बोलीतलं गाणं करतेय. करा, जरूर करा.

निशिगंध
ह्या प्रतिसादाला +१.

सुरपेटी
+१. आणि हेगकर इथे आहेत म्हणून: दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत सुरीनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झाली त्या सुमाराला तिथले हिंदुस्तानी मोठ्या संख्येने इकडे आले, पुष्कळसे हेगमध्ये. त्यांच्या लग्नात बैठक गाना ऐकलंय का कोणी? ढोलक, हार्मोनियम आणि धनताल हे लोखंडी सळईचं तालवाद्य. पणजोबा १८७३ नंतर बिहार-उत्तर प्रदेशातून जहाजाने गेले, नातवंडं डच बोलतात, आणि गाणं त्यांच्या सरनामी बोलीत. नेदरलँड्सचं जुनं गाणं म्हणताना माझ्या मनात तेही येतं.

हेगकर
ऐकलंय, शेजारच्या हॉलमध्ये दर शनिवारी. त्यावर वेगळा धागा काढा सुरपेटी, मी येतो.

पोल्डरवासी
मंडळी, दोन दुपारी आजींकडे बसले. हेगकर, तुमची खूप आभारी आहे, वस्तू विचारल्या आणि त्या थांबेचनात.

योर्दानमधलं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना इतका उभा की दोराला धरून चढायचं. शनिवारी रात्री स्वयंपाकघरात पत्र्याचं मोठं घंगाळ, आणि चारही भावंडं एकापाठोपाठ एक त्याच पाण्यात. आजी सर्वांत धाकट्या, म्हणून शेवटच्या. आणि सालं गोळा करणारा गाडीवाला! बटाट्याची सालं, भाजीचे देठ घरोघरून घ्यायचा, गुरांना चारायला. त्याचा घोडा आजींच्या दारात थांबायचा, कारण त्या त्याला आपल्या मसाल्याच्या केकचा तुकडा द्यायच्या. घोड्याचं नावसुद्धा त्यांना आठवतंय, ते गाण्यातच ऐकवेन म्हणून इथे लिहीत नाही.

टांटे लेनला त्यांनी रस्त्यात पाहिलेलं आहे. 'ती आमच्यासारखीच होती, फक्त आवाज मोठा,' म्हणाल्या.

लेकीने आणि मी मिळून लिहिलेल्या दोन जोड्या देते, उच्चाराप्रमाणे:

*दे स्खिलनबूर क्वाम ओम दे हूक,*
*झेइन पार्ट क्रेख स्टेट्स अन स्टक फान मेइन कूक.*

सालवाला कोपऱ्यावरून यायचा, त्याच्या घोड्याला नेहमी माझ्या केकचा तुकडा मिळायचा. आणि धृपद:

*दे ट्राप वास स्माल, दे ट्राप वास स्टेइल,*
*एन झाटरडाखआवोंट इन दे टेइल.*

जिना अरुंद, जिना उभा, आणि शनिवारी रात्री घंगाळात. शेवटाला 'ऊ' आणि 'एइ' घेतलेत, हेगकर.

हेगकर
उत्तम! 'स्टेइल' आणि 'टेइल' हे यमक मला फार आवडलं, आणि ते यंत्र सुचवणार नाही. एकच सुचवणी: शनिवार रात्रीचा शब्द लांब आहे, गाताना तिथे घाई होईल. 'आवोंट'च्या 'आ' वर ठोका येऊ द्या, आधीचं पळू द्या. योर्दानचे लोकही तसंच म्हणतील.

अँटवर्पची_सई
घोड्याला केक देणारी आजी! मला त्यांना भेटायचंय.

मुळामुठा
आता मीही काही सुचवतो, विरोधक म्हणून नाही.

गायक काढून टाका. तुमच्याकडे खरे शब्द आहेत. मग ते ज्याने कधी जिना चढला नाही अशा आवाजाने का म्हणावेत? साथ यंत्राची राहू द्या, गाणं घरच्यांनी म्हणू द्या. तुम्हीच पहिल्यांदा लिहिलंत की तिथली पद्धत कागद वाटून सगळ्यांनी म्हणायची आहे. मग उच्चाराचा प्रश्नही उरत नाही. योर्दानचा 'ख' आजींच्या बहिणीच्या घशात आहेच की.

सुरपेटी
हे सगळ्यांत बरोबर आहे. मीच आवाजाच्या हुंदक्यात अडकले होते.

पोल्डरवासी, पैसे भरलेलं खातं असेल तर गाणं तयार झाल्यावर आवाज आणि वाद्यं वेगळी काढता येतात. फक्त वाद्यांची फाईल घे. पण आवाजाचीही जपून ठेव, घरच्यांना सरावासाठी लागेल. व्हॉट्सॲपवर आधी पाठव, चाल कानावर पडली की समारंभात अडखळणार नाहीत.

पोल्डरवासी
@मुळामुठा, हे मला सुचलंच नसतं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर गप्पच झाली, मग म्हणाली, मामा अजून गातो, त्याला पहिलं कडवं देऊ. मामा चौऱ्याऐंशीचा.

मग आता एक शेवटचा प्रश्न: त्या वयाच्या लोकांना पट्टी कोणती झेपेल? सध्याच्या गाण्यात धृपद बरंच वर जातं, आणि शेवटी अजून एक स्वर चढतं.

सुरपेटी
उतरव. साठच्या पुढच्या मिश्र घोळक्याला धृपदाचा सर्वांत वरचा सूर मधल्या सा च्या (पेटीवरच्या मधल्या C च्या) वरचा ध (A), फार तर नी (B), ह्याच्यापुढे नेऊ नकोस. त्या वयात वरचे सूर अवघड जातात, बायकांनाही. फाईल ऑडॅसिटी ह्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घालून दोन-तीन अर्धस्वर खाली आणता येते, वेग न बदलता. वॉल्ट्झ आहे, फार खाली नेलीस तर ॲकॉर्डियन घोगरा होतो, तेव्हा तीनच्या पुढे नको. त्याने नाही भागलं तर नवीन आवृत्ती काढताना शैलीत 'खालच्या पट्टीतला बॅरिटोन' लिही.

शेवटची चढण ठेव, मामांनाही ती हवी असेल. फक्त त्याआधी चार आवर्तनं नुसता ॲकॉर्डियन येऊ दे, म्हणजे श्वास घेता येईल.

ड्रेंथची_सून
आणि कागद मोठ्या अक्षरात छाप, निदान १८ च्या टायपात. आमच्याकडे अर्ध्या लोकांनी चष्मे कोटात ठेवले होते आणि कोट बाहेर.

पोल्डरवासी
२० मध्ये छापते. तीन अर्धस्वर उतरवून आत्ताच म्हणून पाहिलं, माझ्याही आवाजाला बसतंय. उद्या मामांना पाठवते.

पैठणी_आणि_पास्ता
पोल्डरवासी, समारंभ झाला की इथे कळव. आणि सुरपेटी, मीही आता बाबांच्या गाण्यातून गायक काढतेय. काकू आहेत की आमच्या, 'ळ' म्हणायला.